कौल आणि पाणी : नव्या वस्तीस जाणाऱ्याने काय तोलले?

नगरे राजांनी वसविली अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. अमुक पेशव्याने अमुक पेठ वसविली, अमुक गव्हर्नराने मुंबईस व्यापारी आणले, अशी वाक्ये इतिहासग्रंथांतून इतकी रुळली आहेत की, वसविला गेलेला माणूस हा जणू सोंगटीप्रमाणे एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवता येत होता, असे वाचकास वाटावे. वस्तुतः घरदार, विहीर, देवघर आणि ओळखीची बाजारपेठ सोडून परमुलखात जाणारा माणूस निघण्यापूर्वी पुष्कळ विचार करीत असे. येथे काय आहे व तेथे काय मिळेल, याचा तो ताळा पाहत असे. त्याचा हा हिशेब त्याने स्वतः क्वचितच लिहून ठेवला. परंतु त्याला बोलावणाऱ्याने त्याला जी आश्वासने दिली ती मात्र लिहिलेली आहेत, आणि त्यांवरून मूळ प्रश्न काय असावेत हे बऱ्याच अंशी ओळखता येते. सतराव्या व अठराव्या शतकांतील पुणे आणि मुंबई ही दोन ठिकाणे समोर ठेवून या प्रश्नांचा शोध घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही आश्वासने ज्या लेखांत सापडतात त्यांना आपल्याकडे कौल किंवा कौलनामा म्हणत. मूळ अरबी शब्दाचा अर्थ वचन असा आहे. कोकणात घर सोडण्यापूर्वी देवाला कौल लावण्याची चाल आहे, त्या प्रयोगातही हाच शब्द आहे. एक कौल देवाकडून, दुसरा सरकारकडून, आणि दोन्ही अनुकूल असतील तरच पाय उचलावयाचा, असा क्रम पुष्कळांच्या बाबतीत घडला असेल. सरकारी कौलाची भाषा ठरावीक असे. तुम्ही बेवसवास येऊन वस्ती करावी, इतकी वर्षे अमुक कर माफ, पुढे वाढत्या क्रमाने घ्यावयाचे, वेठबेगारीचा उपद्रव लागणार नाही, असा सामान्यतः त्याचा आशय असतो. वाचताना हे सारे देणाऱ्याचे औदार्य वाटते. पण यातील प्रत्येक कलम कोणत्या तरी भीतीचे उत्तर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे कौलाचे स्वरूप पालटते. ज्या गावात वेठ नव्हती त्या गावच्या माणसाला वेठमाफीचे आमिष कोण दाखवील?

प्रथम खेड्याचा विचार करू, कारण शहराच्या कौलाचा साचा खेड्याच्या कौलावरूनच घेतलेला आहे. १६३० च्या सुमारास पुण्याची जी वाताहत झाली ती सर्वश्रुत आहे. विजापूरकरांच्या मुरार जगदेवाने गाव जाळून पांढरीवर गाढवांचा नांगर फिरविला, आणि त्याच वेळी दख्खनेत १६३० ते १६३२ असा भयंकर दुष्काळ पडला. पुढे शहाजीराजांच्या जहागिरीचा कारभार पाहताना दादोजी कोंडदेवाने हा उजाड मुलूख पुन्हा लावला. सोन्याच्या नांगराची कथा परंपरेने आपल्याला दिली आहे आणि ती लोकांना प्रियही आहे. परंतु परागंदा झालेले कूळ सोन्याचा नांगर पाहून परत येत नाही. त्याला लाकडी नांगर, तो ओढणारी बैलजोडी आणि पहिले पीक येईपर्यंतचे धान्य लागते. जमिनीवर पहिली काही वर्षे नाममात्र सारा घ्यावयाचा, तो दरसाल वाढवीत न्यावयाचा आणि शेवटी मलिक अंबराच्या धाऱ्यापर्यंत पोहोचवावयाचा, अशी दादोजीची व्यवस्था होती असे त्याच्यासंबंधीचे वृत्तांत सांगतात. रानटी जनावरांचा बंदोबस्त करणारांस बक्षिसे दिल्याचेही त्यांत आले आहे. अशा चढत्या साऱ्यास इस्तावा ही संज्ञा होती. इस्ताव्याची मुदत म्हणजे नव्या कुळाला मिळालेला विसावा. जमीन कसदार आहे की नाही, विहिरीला बारमाही पाणी राहते की नाही, शेजार कसा आहे, हे सारे अनुभवून घेण्यास त्याला या मुदतीचा उपयोग होई. न पटल्यास पूर्ण सारा लागू होण्यापूर्वी निघून जाण्याची वाट त्याला मोकळी असे, आणि हीच गोष्ट अंमलदाराच्या मनाला सर्वात जास्त लागून राही.

मिरासदार आणि उपरी हा भेद येथे महत्त्वाचा ठरतो. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, त्याचा गावात मान, लग्नकार्यात त्याची पायरी ठरलेली. तो गाव सहसा सोडीत नाही. उपऱ्याला यांतले काहीच नाही, पण दुसऱ्या गावी अधिक सोपी रीत आहे असे कळताच उठून जाण्याचे सामर्थ्य त्याला आहे. मराठी राज्यात लागवडीखाली न आलेली जमीन पुष्कळ आणि ती कसणारे हात थोडे, अशी स्थिती बराच काळ होती. त्यामुळे दोन शेजारच्या गावांचे पाटील उपऱ्यांसाठी एकमेकांशी चढाओढ करीत. हीन मानल्या गेलेल्या या उपऱ्याच्याच अंगी नव्या गावाच्या अटी ठरविण्याची शक्ती अधिक होती, ही या व्यवस्थेतील गंमत आहे.

शिवाजी महाराजांनी १६७६ च्या सप्टेंबरात प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास पाठविलेले पत्र या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. गावोगाव फिरावे, कुणब्यांस गोळा करावे, ज्याला कसण्याचे बळ आहे पण बैल वा दाणा नाही त्याला तो द्यावा, दिलेले मुद्दल वाढीदिढी न करता त्याच्या ताकदीप्रमाणे हळूहळू उगवून घ्यावे, असा त्या पत्राचा भावार्थ आहे. करमाफीइतकेच महत्त्व येथे साधनांना दिले आहे. सारा माफ असूनही बैल नसेल तर ती माफी कागदावरच राहते, हे लिहिणाऱ्याने ओळखले होते. शेजारचा अंमलदार केवळ माफीचा कौल देत असेल आणि हा बैल देत असेल, तर कुणबी कोठे जाईल हे सांगावयास नको.

बैलांपाठोपाठ बलुतेदार. सुतार, लोहार, चांभार, कुंभार यांच्यावाचून गाव उभे राहत नाही. नव्या वस्तीला जाणारा शेतकरी तेथे फाळ शेवटणारा लोहार आहे का हे पाही, आणि लोहार तेथे पुरेसे नांगर आहेत का हे पाही. हा पेच सोडविण्यासाठी कोणीतरी पुढे होऊन दोघांना एकाच वेळी आणावे लागे. गावात हे काम पाटील करी. शहराच्या नव्या पेठेत ते शेटे आणि महाजन यांच्याकडे असे. पेठ वसविण्याचे पत्करणाऱ्याला शेटेपणाचे किंवा महाजनकीचे वतन मिळे, म्हणजे पेठ भरभराटीला आली तर त्याच्या वंशाला कायमचे उत्पन्न होई. आजच्या भाषेत तो वस्तीचा मक्तेदार. परगावचे वाणी, सराफ, साळी, कोष्टी, तांबट यांच्याशी बोलणी करून त्यांना आणावयाचे हे त्याचे काम. त्यांच्या शंका तो सरकारात घेऊन जाई आणि सरकारचे वचन त्यांच्याकडे घेऊन येई. मामूरी आणि संचणी हे शब्द जुन्या कागदांत पुनःपुन्हा भेटतात. दोहोंचाही अर्थ भरलेली, नांदती वस्ती असा आहे. पेठेची संचणी झाली की नाही हीच शेट्याच्या कर्तबगारीची कसोटी.

१७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी साहुकारांविषयी जे प्रकरण लिहिले आहे, ते या धोरणाचे सूत्ररूप होय. साहुकारांमुळे राज्याला शोभा येते, परमुलखातील दुर्मिळ वस्तू येतात, संकटसमयी कर्ज मिळते, म्हणून त्यांना बोलावून, सन्मानाने ठेवून, पेठा वसवाव्यात, त्यांची मने दुखवू नयेत, असा उपदेश त्यात आहे. त्याच ग्रंथात टोपीकरांपासून सावध राहावे व त्यांना किनाऱ्यालगत ठाणे देऊ नये असेही बजाविले आहे. दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून वाचावीत. अमात्यांचे साहुकार आणि टोपीकरांचे साहुकार हे वेगळे नव्हते. एकाच व्यापाऱ्याला दोन्ही बाजूंनी बोलावणे येत होते. किल्ल्याच्या प्रकरणात अमात्य आणखी एक गोष्ट सांगतात. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, नसल्यास खडक फोडून तळी करावीत, एकच झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये. पेठेच्या प्रकरणात मात्र पाण्याचा असा आग्रह नाही, आणि पुढे पेशव्यांच्या राजधानीला ही उणीव भरून काढावी लागली.

आता मुंबईकडे वळू. सुरत हे त्या काळचे पश्चिम किनाऱ्यावरील सर्वात श्रीमंत बंदर. शिवाजी महाराजांनी १६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरात ते लुटले. या दोन लुटींच्या मधोमध, १६६९ मध्ये, तेथील काझीच्या धर्मांतराच्या जुलुमाला कंटाळून सुमारे ८,००० बनियांनी सुरत सोडून भडोच गाठले. निघण्यापूर्वी त्यांनी इंग्रजांच्या वखारीत चौकशी केली होती. आम्हाला मुंबईस जागा मिळेल काय, असा तो प्रश्न होता. जेरल्ड ऑंजिअरला माणसे हवीच होती, परंतु मोगलांचा रोष ओढवेल या भयाने त्याने त्या वेळी त्यांना मुंबईस येण्याचा सल्ला दिला नाही. बाजार बंद पडला, सुरतेचा महसूल बुडाला, आणि वर्षअखेर औरंगजेबाकडून आश्वासन आल्यावर ते परतले. हा प्रसंग धार्मिक छळाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. पण वस्तीच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व निराळे आहे. एक संपूर्ण समाज एकत्र बसून सुरत, भडोच आणि मुंबई यांची तुलना करतो, आणि त्या तुलनेच्या जोरावर जुन्या गावाकडूनच अधिक चांगल्या अटी मिळवितो. जाण्याची शक्यता हे त्यांचे शस्त्र होते.

मुंबई बेट १६६८ मध्ये कंपनीकडे आले. पुढच्या वर्षी ऑंजिअर गव्हर्नर झाला. त्याच्याजवळ देण्यासारखे काय होते? हवा रोगट, भरतीचे पाणी आत शिरून झालेली दलदल, गोड्या पाण्याच्या विहिरी मोजक्या, आणि शेतीची जमीन थोडी. ज्या सोई निसर्गाने नाकारल्या होत्या त्यांची भरपाई त्याने कायद्याने आणि वचनाने करण्याचे ठरविले. १६७२ मध्ये न्यायालय उघडले, टांकसाळीची व्यवस्था केली, निरनिराळ्या जातींना आपापल्या पंचायती चालविण्याची मुभा दिली. पारशांची पहिली दखमा मलबार टेकडीवर याच दशकात झाली. मृताची व्यवस्था कोठे करावयाची हा प्रश्न नव्या मुलखात जाणाऱ्या प्रत्येक समाजापुढे असतो आणि तो सुटल्यावाचून कुटुंबकबिला हलत नाही.

दीवचा बनिया व्यापारी निमा पारख याने १६७७ मध्ये मुंबईस येण्यासाठी कंपनीपुढे ज्या अटी ठेवल्या, त्या या विषयातील सर्वात मोलाचा पुरावा मानल्या पाहिजेत, कारण येथे प्रश्न विचारणाऱ्याचाच आवाज आपल्याला ऐकू येतो. घर आणि वखार बांधण्यास जागा विनाभाडे मिळावी. आपल्या लोकांना आपल्या आवारात धर्माचरण निर्वेध करता यावे, तेथे परधर्मीयाने राहू नये आणि जीवहत्या करू नये. मृतांना आपल्या रीतीने अग्नी देता यावा, लग्नाचे विधी करता यावेत. कोणासही बळजबरीने ख्रिस्ती केले जाऊ नये, किंवा इच्छेविरुद्ध ओझी वाहावयास लावू नये. आपल्या कुटुंबास पहाऱ्याच्या कामगिरीतून सूट असावी. युद्धप्रसंगी माल, द्रव्य आणि कुटुंब सुरक्षित ठेवण्यास किल्ल्यात जागा मिळावी. आणि या सर्वांबरोबर वर्षाला १० मण तंबाखू जकातीवाचून आणता यावी. मुंबईच्या अधिकाऱ्यांनी बहुतेक कलमांविषयी अनुकूल अभिप्राय दिला. धर्माचरणाची मोकळीक तर येथे सर्वांस आहेच, असेही त्यांचे म्हणणे पडले.

या यादीतील क्रम मनोरंजक आहे. पैशाची सवलत शेवटी आणि थोडकी आहे. मध्यभागी आहे ती वेठ, पहारा, बाटवाबाटवी आणि युद्ध यांपासून मुक्तता, म्हणजे ज्या गोष्टी दीवला किंवा सुरतेला छळत होत्या त्यांची नकारात्मक नोंद. ओझी वाहावयास न लावण्याचे कलम आणि आपल्याकडील कौलांतील वेठबेगार माफीचे कलम ही एकाच अनुभवाची दोन रूपे आहेत. पाण्याविषयी मात्र पारख एक अक्षर बोलत नाही. ज्याची स्वतःची वखार आणि आवार असेल त्याची स्वतःची विहीरही असेल, असे त्याने गृहीत धरले असावे. जो मनुष्य आवार मागू शकत नाही त्याची यादी वेगळी झाली असती, पण तशी यादी कोणी कंपनीपुढे ठेवली नाही.

सत्तरीच्या त्या दशकात मुंबईस आलेला इंग्रज प्रवासी फ्रायर याने बेटाची वस्ती ६०,००० असल्याचा अंदाज दिला आहे. तो जास्त असला तरी वाढ खरी होती. परंतु १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने बेटावर उतरून किल्ल्याला वेढा दिला, वर्षभर लूट झाली, पाठोपाठ साथ आली आणि वस्ती ओसरली. किल्ल्यात जागा देण्याचे वचन पाळता न आल्यावर बाकीच्या वचनांना फारसा अर्थ उरला नाही. मुंबई पुन्हा भरली ती अठराव्या शतकात, तट बांधून झाल्यावर आणि सिद्दीचा जोर ओसरल्यावर. १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया काही सुतारांसह जहाजबांधणीसाठी आला. असा कारागीर कौल वाचून येत नाही. त्याला नेमके काम आणि त्या कामाचे शाश्वत मोल दिसावे लागते. १७५० मध्ये मुंबईस कोरडी गोदी झाली आणि त्या कुटुंबाचे येथील वास्तव्य पक्के झाले.

पुण्यातील घडामोड याच सुमाराची. १७३० च्या जानेवारीत शनिवारवाड्याच्या बांधकामास प्रारंभ झाला आणि १७३२ मध्ये वास्तुशांती झाली. दरबार आला की सराफ येतात, शिलेदार येतात, शिलेदारांमागे जीनगर आणि तांबट येतात. जिवाजीपंत खासगीवाल्याने १७३४ च्या सुमारास शुक्रवार पेठ वसविली. पुढे वेताळ पेठ, म्हणजे आजची गुरुवार, आणि गणेश पेठ यांच्याशीही त्याचे नाव निगडित आहे. कोकणातून आलेल्या ब्राह्मण कुटुंबांना दरबारातील चाकरी हे मुख्य आकर्षण होते, आणि शास्त्रीपंडितांना श्रावणमासातील दक्षिणेचे. ही दक्षिणा प्रथम तळेगावास दाभाड्यांकडे वाटली जात असे, ती पुढे पुण्यास पेशव्यांनी चालविली. विद्येच्या पेठेचा हा कौलच म्हणावयाचा.

एवढी माणसे आल्यावर पाण्याचा प्रश्न उभा राहिला. मुठेचे पात्र जवळ होते, परंतु नदीवरून घागरी आणणे कसब्याला जमले तरी दूरच्या पेठांना ते जड होते. दख्खनेत याचा एक धडा आधीच घालून दिलेला होता. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसविले तेव्हा जमिनीखालून नहर काढून गावात पाणी खेळविले होते. सातारच्या शाहूनगरासाठी यवतेश्वराच्या डोंगराचे पाणी आणले गेले. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजचे काम हाती घेतले. सुमारे १० किलोमीटर अंतरावर डोंगराच्या कुशीत तलाव बांधला, आणि तेथून दगड-विटा-चुन्याच्या बंदिस्त नळाने, केवळ उताराच्या जोरावर, पाणी शहरात आणले. नळ काही ठिकाणी माणूस उभा राहील एवढा उंच आहे. हवा खेळावी व आत उतरून गाळ काढता यावा म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले आहेत. गाळ वाटेत खाली बसे आणि निवळलेले पाणी पुढे जाई. आंबिल ओढ्याचा प्रवाहही याच काळात वळविण्यात आला आणि शहराच्या वाढीस जागा मोकळी झाली.

शहरात हे पाणी हौदांतून मिळे. काळा हौद, फडके हौद, नानावाड्याचा हौद, साततोटी ही नावे आजही पुण्याच्या भूगोलात टिकून आहेत. हौद कोरडे झाले, काही बुजले, पण चौकाला हौदाचेच नाव राहिले. पुढे नाना फडणिसांच्या काळात आंबेगावच्या बाजूने दुसरा नळ आणून सदाशिव पेठेच्या बाजूची सोय केली. पेठांच्या कौलांत करमाफीची वर्षे असत, आणि ती वर्षे संपत. हौद संपत नसे. माफीची मुदत संपल्यावर जी पेठ ओस पडली नाही तिच्या टिकण्याचे श्रेय कौलापेक्षा या नळाला अधिक द्यावे लागेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मुंबईत कायदा होता पण पाणी नव्हते, पुण्यात पाणी होते पण येथील सुरक्षितता दरबाराच्या बळावर अवलंबून होती. तो दरबार सबळ होता तोवर हे कोणास जाणवले नाही.

१८०२ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकराने हडपसरजवळ शिंदे-पेशव्यांच्या सैन्याचा पराभव केला. बाजीराव पळाला आणि शहर खंडणीच्या तडाख्यात सापडले. त्यामागून १८०३-०४ चा दुष्काळ. ज्यांना जाणे शक्य होते ते घाट उतरून गेले आणि त्यांतील पुष्कळ मुंबईच्या आश्रयास आले. त्या वेळी मुंबईही सुखात नव्हती. १८०३ च्या फेब्रुवारीत कोटातील मोठ्या आगीत शेकडो घरे भस्म झाली होती आणि बाहेरचे गाव नुकते वाढू लागले होते. तरीही माणसे तिकडेच गेली. आग एका रात्रीत विझते, लष्कराची खंडणी केव्हा परत येईल ते सांगता येत नाही, असा त्यांचा हिशेब असला पाहिजे. १८१८ नंतर पुण्याचा दरबारच संपला आणि तराजूचे पारडे स्पष्टपणे मुंबईकडे झुकले.

मुंबईस गेलेल्यांना पाणी मात्र अजून मिळावयाचे होते. तलाव आणि विहिरी यांवर ते शहर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कसेबसे तगले. कावसजी पटेल, फ्रामजी कावसजी यांच्यासारख्या धनिकांनी बांधलेल्या तलावांची नावे अजून ऐकू येतात. १८५४ च्या टंचाईने हे दान पुरे पडत नाही हे सिद्ध केले. साष्टीत मिठी नदीवर विहारचे धरण १८५६ मध्ये सुरू होऊन १८६० मध्ये पुरे झाले आणि नळाने पाणी शहरात आले. कात्रजच्या नळानंतर एका शतकाने मुंबईने पुण्याची बरोबरी केली, असे म्हटल्यास पुणेकरांस आनंद वाटेल. पण लोखंडी नळाने घरोघर जाणारे पाणी आणि हौदावरून भरावयाचे पाणी यांत जो भेद आहे तोही सांगितला पाहिजे. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी जाऊ लागली आणि दोन शहरांची तुलना करण्यासाठी ऐकीव गोष्टींवर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही. सकाळी निघून स्वतः पाहून यावे.

येथवर ज्यांचा विचार केला ते सारे निवड करू शकणारे लोक होते. बनिया, पारशी, शास्त्री, शेटे आणि उपरा कुणबीसुद्धा. नव्या पेठेतील झाडलोट, मेलेली ढोरे ओढणे, वेशीची राखण ही कामे ज्यांच्यावर पडली त्यांच्याशी कोणी अटींची बोलणी केलेली दिसत नाही. बाराबलुत्यांचा एक भाग म्हणून ते गावाबरोबर आले आणि वस्तीच्या कडेला राहिले. निमा पारखाने ज्या वेठीतून सुटका मागितली ती वेठ कोणावर तरी पडणारच होती. पुण्याच्या हौदांच्या बाबतीत हे सर्वात ठळकपणे दिसते. दहा किलोमीटर उतरून आलेले पाणी हौदात पडे, आणि त्या हौदाला शिवण्याचा अधिकार अस्पृश्य मानलेल्या लोकांस नव्हता. राज्य गेले, कंपनी आली, कंपनी जाऊन राणीचे राज्य आले, तरी हौदांवरील हा नियम रूढीने चालूच राहिला. गंज पेठेतील आपल्या घरचा हौद जोतीराव फुल्यांनी या लोकांना खुला केला तो १८६८ मध्ये.